तुरुंगाच्या उंबरठ्यावर तुटणारे उपचार

तुरुंग आणि मानसिक आरोग्य या विषयावर जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे भिंतींच्या आतल्या जीवनाबद्दल असते. बराकींमधली गर्दी, एकांतकोठडी, मारहाण आणि डॉक्टरांची वानवा यांचे वर्णन त्यात येते, आणि ते यायलाच हवे. मात्र मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशनाचे काम करताना, तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांच्या तोंडून मला वेगळीच तक्रार ऐकू येत राहिली. अटकेच्या वेळी गोळ्या घरीच राहिल्या. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवले तेव्हा केसपेपर मागे राहिले. सुटकेच्या दिवशी जमा केलेले कपडे आणि पैसे मोजून परत मिळाले, पण चालू असलेल्या औषधाचे नाव कोणी लिहून दिले नाही. अशा अनेक कहाण्या ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की, फौजदारी न्यायव्यवस्थेत सापडलेल्या माणसाचे मन सर्वांत जास्त धोक्यात असते ते एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात, किंवा ताब्यातून मोकळ्या जगात जाताना, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या उपचारांची जबाबदारी कोणाकडेच नसते.

प्रश्नाचा आवाका आधी सांगितला पाहिजे. सीना फझेल आणि कॅथरीना सीवाल्ड या संशोधकांनी २०१२ साली २४ देशांतील ३३,५८८ बंदिवानांच्या पाहण्या एकत्र करून त्यांचे विश्लेषण केले. सायकोसिस, म्हणजे ज्यात वास्तवाचे भान सुटते अशा आजारांचे प्रमाण त्यांना पुरुषांमध्ये ३.६ टक्के आणि स्त्रियांमध्ये ३.९ टक्के आढळले. तीव्र नैराश्याचे प्रमाण पुरुषांमध्ये १०.२ टक्के, तर स्त्रियांमध्ये १४.१ टक्के होते. बाहेरच्या समाजात सायकोसिसचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे वजन कळते. दारूचे आणि अमली पदार्थांचे व्यसन, बालपणी सोसलेला छळ, डोक्याला झालेल्या जुन्या दुखापती आणि कधीच निदान न झालेले अवधानाचे विकार हे सगळे यात धरलेले नाही. तेही धरले तर निरोगी मन घेऊन तुरुंगात आलेला माणूसच अपवाद ठरेल.

या आकड्यांवरून मानसिक आजार माणसाला गुन्हेगार बनवतो असा अर्थ काढण्याची घाई अनेकांना होते, आणि ती घाई चुकीची आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांच्या हातून कधीही हिंसा घडत नाही; उलट तेच इतरांच्या हिंसेला अधिक प्रमाणात बळी पडतात. तुरुंगात त्यांची संख्या जास्त दिसते यामागे अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात. आजारपणात नोकरी जाते, घर सुटते, माणूस रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर राहणाऱ्याचे साधे वागणेही पोलिसांच्या नजरेत भरते. त्याला चांगला वकील मिळत नाही, जामीनदार मिळत नाही, तारखांना हजर राहणे जमत नाही, त्यामुळे ज्या आरोपासाठी दुसरा माणूस दोन दिवसांत बाहेर येतो त्याच आरोपासाठी हा महिनोन्‌महिने आत राहतो. एकदा आत गेल्यावर नियम पाळणे जमत नाही म्हणून शिक्षा होतात, सवलती जातात आणि मुक्काम आणखी लांबतो.

लायोनेल पेनरोझ या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९३९ मध्ये १८ युरोपीय देशांचे आकडे तपासून असे दाखवले होते की, जेथे मनोरुग्णालयांत जास्त माणसे आहेत तेथे तुरुंगांत कमी आहेत, आणि याच्या उलटही खरे आहे. तेव्हापासून हा निष्कर्ष एखाद्या नैसर्गिक नियमासारखा सांगितला जातो. मला तो तेवढा पक्का वाटत नाही, कारण मनोरुग्णालये बंद होण्याच्याच काळात अनेक देशांत अमली पदार्थांविषयीचे कायदे कडक झाले, स्वस्त घरे कमी झाली आणि शिक्षाही लांबल्या. तरीही आजारी माणूस एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत जातो हे निरीक्षण जुने आहे. डोरोथिया डिक्स या शिक्षिका १८४१ साली मॅसॅच्युसेट्समधील ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना धर्मपाठ द्यायला गेल्या, तेव्हा मानसिक आजार असलेल्या स्त्रिया त्यांना विनाशेकोटीच्या थंड कोठड्यांत कोंडलेल्या दिसल्या. पुढे राज्यभरचे तुरुंग आणि गरिबांसाठीची आश्रयगृहे हिंडून त्यांनी १८४३ मध्ये तेथील विधिमंडळाला निवेदन दिले. त्या निवेदनाला पावणेदोनशेहून अधिक वर्षे होऊन गेली आहेत.

आता पहिल्या उंबरठ्याकडे, म्हणजे अटकेकडे येऊ. अटक ही घटना पोलिसांच्या दृष्टीने काही मिनिटांची असते, पण औषधांच्या दृष्टीने तिचे परिणाम आठवडाभर पुरतात. क्लोझापिनचे उदाहरण घ्यावे. स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांना इतर औषधे लागू पडत नाहीत त्यांना हे औषध दिले जाते. ते ४८ तासांपेक्षा जास्त काळ बंद पडले तर पूर्वीचा डोस तसाच पुन्हा सुरू करता येत नाही. रक्तदाब एकाएकी घसरण्याचा आणि फिट येण्याचा धोका असल्यामुळे अगदी लहान मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वर जावे लागते. म्हणजे शुक्रवारी रात्री ताब्यात घेतलेल्या आणि सोमवारी न्यायालयापुढे उभे केलेल्या माणसाचे, अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी बसवलेले औषधाचे गणित केवळ त्या शनिवार-रविवारी विस्कटू शकते. त्यानंतर तो जे बोलतो, जे कबूल करतो, ज्या कागदावर सही करतो, ते सगळे मात्र त्याच्या नावावर कायमचे जमा होते.

दारूच्या बाबतीत तर हा काळ जिवावर बेततो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक सुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डेलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था येऊ शकते. त्यात हातपाय थरथरतात, घाम फुटतो, ताप चढतो, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, दिवस-रात्रीचे भान राहत नाही. वेळेवर उपचार मिळाले तर माणूस पूर्ण बरा होतो. न मिळाले तर दगावतो. कोठडीत मात्र हा माणूस आरडाओरडा करणारा, आदेश न ऐकणारा आणि नाटक करणारा म्हणून पाहिला जातो. त्याला आवरण्यासाठी बळ वापरले जाते किंवा एकट्याला बाजूला ठेवले जाते, आणि या दोन्ही गोष्टींनी त्याच्या जिवाचा धोका वाढतो. पहारेकऱ्याला वैद्यकशास्त्र येत नाही हा त्याचा दोष नव्हे. शेवटची दारू कधी घेतली, हा एक प्रश्न दाखल करून घेतानाच विचारून त्याचे उत्तर पुढच्या पाळीला लेखी देण्याची पद्धत नाही, हा व्यवस्थेचा दोष आहे.

तुरुंगात दाखल होतानाची तपासणी बहुतेक ठिकाणी कागदावर असते. अमेरिकेतील तुरुंगांसाठी तयार केलेली आठ प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. ती वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्यालाही तीनेक मिनिटांत घेता येते, आणि पुढच्या तपासणीची गरज कोणाला आहे हे तिच्यातून कळते. साधनांची टंचाई आहे असे म्हणूनच मला वाटत नाही. अडचण असते ती हे प्रश्न कोठे, कधी आणि कोणाच्या देखत विचारले जातात यात. रात्रभर न झोपलेल्या, घाबरलेल्या माणसाला, मागे इतर दहा जण रांगेत उभे असताना आणि शेजारी त्याला घेऊन आलेला पोलीस असताना, तुम्हाला कधी आवाज ऐकू येतात का असे विचारले तर तो नाही म्हणणार, हे उघड आहे. हो म्हटले तर बराकीत वेडा म्हणून नाव पडेल आणि खटल्यातही ते आपल्यावर उलटेल, अशी भीती त्याला असते, आणि ती अगदीच निराधार असते असे नाही. म्हणून काही दिवसांनी, माणूस जरा स्थिरावल्यावर, आडोशाला बसवून आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाने तीच विचारपूस पुन्हा करणे आवश्यक असते. ही दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी राहून जाते.

आत्महत्येचा धोका याच काळात वाढलेला असतो. पहिले दिवस आणि पहिले आठवडे, त्यातही ज्यांचा खटला अजून चालायचा आहे असे कच्चे कैदी, एकटे ठेवलेले कैदी आणि पूर्वी स्वतःला इजा केलेले कैदी यांच्या बाबतीत धोका अधिक असतो, हे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. यात मी आणखी एक क्षण जोडीन, तो म्हणजे न्यायालयातून परतण्याचा. जामीन नाकारला गेला, शिक्षा सुनावली गेली, किंवा त्या दिवशी कोर्टात घरचे कोणीच आले नाही, तर सकाळी गेला तोच माणूस संध्याकाळी परत आलेला नसतो. प्रवेशाच्या दिवशी भरलेला तक्ता त्याच्या या नव्या अवस्थेबद्दल काहीच सांगत नाही. धोका ओळखल्यावर त्याला कपडे काढून घेऊन रिकाम्या कोठडीत एकटे ठेवण्याचा रिवाज अनेक तुरुंगांत आहे. त्यातून नोंदवहीपुरती सुरक्षितता मिळते. ज्याला आधीच जगण्यात रस उरलेला नाही त्याला माणसांपासून तोडण्यात उपचाराचा भाग काहीही नसतो, आणि असे वागवले जाते हे माहीत झाल्यावर पुढच्या खेपेला तो आपल्या मनातले विचार कोणाला सांगतही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केलेल्या, कैद्यांना कसे वागवावे याविषयीच्या नेल्सन मंडेला नियमांनुसार, दिवसातून २२ तास किंवा त्याहून अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांपेक्षा अधिक एकांतवास निषिद्ध आहे. ज्यांच्या मानसिक आजाराची स्थिती त्यामुळे बिघडेल त्यांना तर तो मुळीच देऊ नये, असेही हे नियम म्हणतात. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे अधिक लिहीत नाही.

ज्याविषयी कमी बोलले जाते तो उंबरठा खटल्याच्या तोंडाशी असतो. आपल्यापैकी बहुतेकांना वेडाचा बचाव एवढेच माहीत असते: गुन्हा करतेवेळी माणसाला आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे आहे, हे कळत नव्हते म्हणून तो जबाबदार नाही. इंग्लंडमध्ये १८४३ साली डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. त्या खटल्यातून हे तत्त्व ठरीव रूपात आले आणि भारतीय दंड संहितेच्या ८४व्या कलमात, व आता भारतीय न्याय संहितेच्या २२व्या कलमात ते आहे. प्रत्यक्षात हा बचाव फार थोड्या खटल्यांत घेतला जातो. त्याहून कितीतरी जास्त माणसे दुसऱ्याच प्रश्नात अडकतात: आज, या घटकेला, आपल्यावर काय आरोप आहे हे समजून घेण्याच्या आणि वकिलाला माहिती देण्याच्या स्थितीत आरोपी आहे का? नसेल तर खटला थांबतो. हे त्याच्याच भल्यासाठी असते, आणि न्याय्यही असते. पण खटला थांबला की तारीख नसते, तारीख नसली की वकील येत नाही, आणि दोषीही न ठरलेला व निर्दोषही न सुटलेला माणूस सगळ्यांच्या यादीतून हळूहळू गळून जातो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८२ साली वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात हजारीबागच्या तुरुंगातील असे कैदी आले. मानसिक आजारामुळे त्यांना ठेवण्यात आले होते. त्यांपैकी काही जण केव्हाच बरे झाले होते, तरी दशकानुदशके आतच होते, कारण त्यांना सोडण्याचा आदेश मागण्याचे काम कोणीच केले नव्हते. न्यायालयाने त्यांना सोडायला लावले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये जॅक्सन विरुद्ध इंडियाना या निकालात, खटल्याला उभे राहण्याची क्षमता येईल असा वाजवी संभव नसेल तर माणसाला केवळ त्या कारणासाठी अनिश्चित काळ डांबता येणार नाही असे ठरवले. त्या प्रकरणातील आरोपी मूकबधिर होता, आणि त्याच्यावर चोरीचे जे आरोप होते त्यांतील ऐवजाची एकूण किंमत नऊ डॉलर होती. दोन्ही निकाल कोणत्याही वाचकाला पटतील असे आहेत. तरीही क्षमता परत यावी म्हणून रुग्णालयात खाट मिळण्याची वाट पाहत तुरुंगात पडून राहणारे आरोपी आजही अनेक देशांत आहेत, आणि पुष्कळदा हा प्रतीक्षेचा काळ त्या गुन्ह्याच्या संभाव्य शिक्षेपेक्षा मोठा असतो.

शेवटचा उंबरठा सुटकेचा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातील इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका १२९ पट होता. याचे कारण शरीरशास्त्रात आहे. आत असताना अफूजन्य पदार्थ न मिळाल्यामुळे शरीराची सहनशक्ती घटते. बाहेर आल्यावर माणूस जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो, आणि ती आता प्राणघातक ठरते. हे समजल्यावर स्कॉटलंडने २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सुटणाऱ्या कैद्यांना नालॉक्सोन हे उतारा म्हणून वापरायचे औषध सोबत द्यायला सुरुवात केली. तुरुंगाच्या दारातच औषध हाती देणे शक्य असते, एवढे तरी यावरून सिद्ध झाले.

मला अधिक मोलाचा वाटतो तो स्वीडनमधील २०१६ चा अभ्यास. संशोधकांनी तुरुंगातून सुटलेल्या २२,२७५ जणांच्या औषधांच्या आणि पुढच्या गुन्ह्यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या. त्यांनी एका माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी न करता, तोच माणूस औषध चालू असताना कसा होता आणि बंद असताना कसा होता हे पाहिले. सायकोसिसवरील औषधे चालू असलेल्या काळात हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होते. औषध घेणारा माणूस मुळातच शिस्तीचा असतो हा नेहमीचा आक्षेप या पद्धतीमुळे बराचसा गळून पडतो. ज्यांना कैद्यांच्या दुःखाशी काही देणेघेणे नाही आणि केवळ स्वतःच्या सुरक्षिततेची काळजी आहे, त्यांच्यासाठीही सुटकेनंतरची औषधे हा फायद्याचाच सौदा आहे. हा युक्तिवाद मला फारसा आवडत नाही, पण अंदाजपत्रक ठरवणाऱ्यांपुढे तोच चालतो.

मग हे होत का नाही? मुख्य कारण पैशाच्या आणि खात्यांच्या सीमारेषेत आहे. अमेरिकेत गरिबांच्या आरोग्यविम्याची मेडिकेड योजना १९६५ साली सुरू झाली तेव्हापासून तुरुंगातील माणसाचा खर्च तिच्यातून करता येत नाही, असा नियम आहे. आत जाताच संरक्षण थांबते आणि बाहेर आल्यावर ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. मधला काळ नेमका त्या दोन धोकादायक आठवड्यांचा असतो. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेआधीच्या ९० दिवसांपर्यंत काही सेवा या योजनेतून देण्याची परवानगी मिळाली, आणि अशी परवानगी मिळालेले ते पहिले राज्य होते. दुसऱ्या बाजूला नॉर्वेने १९८० च्या दशकातच, आणि इंग्लंडने २००६ पर्यंत, तुरुंगातील वैद्यकीय सेवा तुरुंग खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्यसेवेकडे सोपवली. मला ही दिशा योग्य वाटते. डॉक्टरचा वरिष्ठ आरोग्य खात्यात असेल तर रुग्णाची कागदपत्रे दोन्ही बाजूंना एकाच खात्याची राहतात, आणि एकांतकोठडीसाठी हा कैदी तंदुरुस्त आहे अशी सही करण्याचे दडपणही डॉक्टरवर कमी येते. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या १०३व्या कलमात प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगात मानसिक आरोग्याचा विभाग असावा अशी तरतूद आहे. पण एका तुरुंगातला चांगला विभाग इतर तुरुंगांतून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या कागदांचा प्रश्न सोडवत नाही.

मंडेला नियमांमध्ये सुटकेनंतर मानसोपचार चालू राहावेत यासाठी संबंधित संस्थांशी व्यवस्था लावण्याचा उल्लेख आहे, पण त्या ११०व्या नियमाची भाषा सक्तीची नसून अपेक्षेची आहे. एकांतवासावर दिवसांची मर्यादा घालणारे हात येथे सैल पडले, कारण सुटलेला माणूस तुरुंगाचा राहत नाही आणि रुग्णालयाचा अजून झालेला नसतो. याला जोडूनच गोपनीयतेची खरीखुरी अडचण आहे. आपण आत होतो हे बाहेरच्या डॉक्टरला कळू नये असे अनेकांना वाटते, आणि तसे वाटण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यामुळे फाइल आपोआप पुढे पाठवण्यापेक्षा, निदान, औषधाचे नाव, मात्रा, शेवटचे इंजेक्शन कधी दिले आणि पुढचे कधी द्यायचे, एवढाच मजकूर असलेला आणि तुरुंगाचे नाव नसलेला कागद रुग्णाच्याच हातात देणे मला जास्त बरे वाटते. महिनाभर परिणाम टिकणारे इंजेक्शन सुटकेच्या आधी देता आले तर मधल्या दिवसांची थोडी सोय होते, अर्थात रुग्णाची संमती असेल तरच.

ठरलेली शिक्षा भोगून सुटणाऱ्याच्या बाबतीत हे सगळे आधी आखता येते, कारण त्याची तारीख माहीत असते. कच्च्या कैद्याचे तसे नसते. त्याचा जामीन दुपारी मंजूर होतो, कागद संध्याकाळी तुरुंगात पोहोचतात आणि दवाखाने, औषधांची दुकाने बंद झाल्यावर तो बाहेर पडतो. त्या वेळी तुरुंगातला औषधे देणारा कर्मचारीही घरी गेलेला असतो. अशा माणसासाठी सुटकेची तयारी दाखल होण्याच्या दिवशीच करावी लागेल. दोन आठवड्यांची औषधे आणि तो एक कागद त्याच्या जमा केलेल्या सामानाच्या पिशवीत ठेवावा, मात्रा बदलली की पिशवीतलाही कागद बदलावा, आणि त्याचे कपडे-पैसे परत करणाऱ्या कारकुनाच्या यादीत औषधांची एक ओळ वाढवावी, म्हणजे रात्री आठ वाजताही ती पिशवी त्याच्या हातात पडेल.